गादीच्या दुकानातली दाढ

टेका, टेका खुशाल, पण जरा बेताने. माझ्या पाठीला टाके आहेत. आणि असे दचकू नका, मीच बोलतेय. मी दाढ आहे. दात नव्हे, दाढ! हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे येणारा प्रत्येक जण "अरे बापरे, केवढा दात!" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. दात म्हणजे पुढे उभं राहून मिरवणारी मंडळी. चावायचं सगळं काम मागे आम्ही दाढा करतो, आणि आमचा फोटो कधी कोणी काढत नाही.

मी साडेपाच फूट उंच. आतून स्पंज, वरून पांढरी मखमल. खाली दोन मुळं आहेत, त्यांत माणसाचे पाय जातात. दोन्ही बाजूंना हातांसाठी भोकं, पाठीला चेन. पुढे दोन टपोरे डोळे आणि एक हसरं तोंड, आणि त्या तोंडात शिंप्याने चार दात रंगवलेत. म्हणजे दाढेला तोंड आणि तोंडात पुन्हा दात. यावर मी तीन वर्षं विचार केला, काही हाती लागलं नाही.

माझा जन्म शाळेच्या नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याकडे झाला. त्याने वाघ शिवले होते, गाजरं शिवली होती, एकदा तर पोस्टाची पेटीही शिवली होती. दाढ मात्र पहिल्यांदाच. बिचारा आरशासमोर आ करून, तोंडात बॅटरीचा उजेड पाडून, स्वतःची दाढ बघायला गेला आणि त्याची मान लचकली. शेवटी त्याची सासू म्हणाली, "जावईबापू, एवढा जीव का काढताय? माझी घ्या." तिने उपटलेली दाढ कापसात गुंडाळून एका डबीत जपून ठेवली होती. तिच्यावरून मी बेतले गेले. म्हणून माझ्या डाव्या अंगाला हा खळगा आहे. कीड आहे ती, आणि अगदी हुबेहूब आहे. शिवून झाल्यावर सासूबाईंना मला दाखवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी अशीच होती हो," म्हणाल्या.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. लोकांनी हसत हसत दवाखान्यात यावं म्हणून त्यांनी मला शिवून घेतलं. रोज सकाळी कंपाउंडर मला अंगात घालून दारात उभा राहायचा आणि मुलांना हात करायचा. मुलं काय हसणार? "आई, आत एवढी मोठी काढतात?" म्हणून भोकाड पसरायची आणि आईला ओढत घरी न्यायची. डॉक्टरांचं वय झालं, त्यांनी दवाखाना बंद केला. खुर्ची गेली, कपाटं गेली, कंपाउंडर गेला. मला जिन्याच्या वळणावर उभं करून माझ्या पोटावर कागद चिकटवला : 'विकणे आहे. चौकशी वर.' वर कोणीच नव्हतं. तीन वर्षं मी तशीच उभी होते. जिना चढणारे लोक माझ्या डोक्यावर पिशव्या ठेवून दम खायचे. कोणी 'कशी आहेस' म्हणून विचारलं नाही.

मग एके दिवशी जिन्यावर गादीताई आली.

तिला सगळे गादीताईच म्हणत. या दुकानात ती आणि तिचा नवरा गाद्या-उशा करायचे, अजूनही करतात. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचे. काम एक नंबर. पण गिऱ्हाईक यायचं आणि तसंच परत जायचं. कारण तिचा नवरा.

त्याला लोक हूंकाका म्हणतात. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "हूं." ही गादी किती दिवस टिकेल? हूं. कापूस कुठला? हूं. उद्या मिळेल का? हूं. माणूस गर्विष्ठ नव्हता हो, लाजाळू होता. कोणी तोंडाकडे बघितलं की त्याची दातखिळी बसायची, आणि दातखिळीबद्दल मी बोलते तेव्हा जरा अधिकाराने बोलते, हे लक्षात घ्या. गादीताई मापं घ्यायला बाहेर गेली, की तेवढ्या वेळात हूंकाका चांगली तीनचार गिऱ्हाइकं घालवून मोकळा व्हायचा.

दुकानाची जागा गादीताईच्या मोठ्या भावाच्या नावावर. या दादाचं शेजारीच फरशांचं दुकान. त्याला जागा कमी पडत होती. भाऊ वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तो म्हणाला, "हे बघ, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी येतो. तुझ्या दारात दहा माणसांची रांग दिसली तर जागा तुमची, पुन्हा शब्द काढणार नाही. नाही दिसली तर किल्ली दे. मग तू माझ्याकडे गल्ल्यावर बस, मेहुणे फरशा मोजतील."

हे ऐकून हूंकाका "हूं" म्हणाला. पण त्या दिवशी जेवला नाही. लहानपणापासून त्याच्या हातांना कापूस ठाऊक, त्यांत फरशा द्यायच्या म्हणजे काय!

तेव्हा गादीताई पेटून उठली. गावातल्या सभागृहात एक फुकट शिबिर होतं, 'छोट्या धंद्याची मोठी जाहिरात, तीही कमी खर्चात.' ती गेली. किल्ल्या करणारा, बटणं विकणारी, छत्र्या दुरुस्त करणारा, अशी सगळी मंडळी वह्या घेऊन बसली होती. व्यासपीठावर एक सर कानाला माईक लावून येरझाऱ्या घालत होते. गादीताईने त्यांचा शब्द न् शब्द वहीत उतरवला. तिची खोड अशी, की लिहिलं ते करायचं, आणि लिहिलं तसंच करायचं.

सर म्हणाले, नमुना वाटा. तिने काडेपेटीएवढ्या दोनशे उशा शिवल्या आणि घरोघर वाटल्या. लोकांनी त्यांत टाचण्या खोचल्या. आठवडाभराने बायका दुकानात येऊन विचारू लागल्या, "तुमच्याकडे टाचण्या पण मिळतात का?"

सर म्हणाले, धंद्याला चेहरा द्या. लोकांना वस्तू आठवत नाही, चेहरा आठवतो. गादीताई चेहरा शोधायला निघाली. म्हणजे खरोखरच निघाली, पिशवी घेऊन. आणि जिन्याच्या वळणावर तिला मी दिसले.

तिने मला वरून खाली न्याहाळलं, पोट दाबून बघितलं. "पांढरी आहे, मऊ आहे, कोपरे आहेत, वर हसतेय," ती म्हणाली. "उशीला आणखी काय लागतं?"

अहो, मी दाढ आहे! पण ऐकतो कोण! तिने त्या इमारतीच्या रखवालदाराला दोन नव्याकोऱ्या उशा दिल्या आणि मला पाठुंगळी मारून घरी आणलं. दोन उशांना गेले मी. त्याच संध्याकाळी तिने माझ्या चारी बाजूंनी गुलाबी झालर लावली आणि पोटावर भरतकाम केलं : 'मी उशी.' वैद्यकीय क्षेत्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या दाढेने झालर लावून फिरायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मला घालणार कोण? गादीताई बुटकी. तिने घालून पाहिलं तर ती माझ्या मुळांतच बुडाली. उरला हूंकाका. तिने मला त्याच्यापुढे धरलं. तो मागे सरकला आणि म्हणाला, "ऊंहूं!"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या तोंडून दुसरा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला म्हणा ना! पण ती हटली नाही. "अहो, घाला. आत गेलात की तुम्हाला कोणी बघणार नाही. नुसते उभे राहा. बोलायचं मी बघते."

तो आत शिरला. लटलट कापत होता. मला तर वाटलं, याच्यापेक्षा आमचा कंपाउंडर बरा. ताईने चेन लावली, आम्हाला दाराबाहेर उभं केलं आणि ती चहा टाकायला आत गेली. समोरून एक चष्मेवाले गृहस्थ चालले होते, मान एका बाजूला कलती. आणि माझ्या पोटातून आवाज आला.

"अहो चष्मेवाले! दोन उशा घेऊन झोपता ना?"

खर्जातला, स्वच्छ, गोड आवाज. मीच दचकले. मला वाटलं, मीच बोलले की काय!

चष्मेवाले थांबले. "कोण बोललं?"

"मी, उशी."

"तू तर दाढ आहेस."

"दिसायला दाढ आहे. ते जाऊ द्या. वरची उशी काढा आणि खालची जुनी झालीय ती बदला. मान सरळ होते की नाही बघा. नाही झाली तर येऊन मला लाथ मारा."

लाथ मला बसणार होती, हे कोणी लक्षात घेतलं नाही! पण चष्मेवाल्यांनी आत येऊन उशी नेली. आत गादीताई हातात गाळणी घेऊन तशीच उभी होती. चहा उतू गेला.

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून माणूस सुटला. सव्वीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची चाल बघून तो सांगायचा, कोण पालथं झोपतं, कोणाची गादी मधे दबलीय, कोण रात्रभर कूस बदलतं. कोणी त्याला बघत नव्हतं ना! मी भिंत होते आणि भिंतीआड तो राजा होता.

तरी घोळ व्हायचा तो झालाच. पोटावर काहीही भरलेलं असो, लोकांना मी दिसायचे ती दाढच. तिसऱ्या दिवशी गालाला फडकं बांधलेली एक आजी येऊन उभी राहिली.

"आजी, मी उशी आहे," हूंकाका आतून म्हणाला.

"असशील बाबा. माझी मात्र दाढ दुखतेय," आजी म्हणाली आणि बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीचे चार जण गाल धरून आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ. हूंकाका घाबरला. गादीताईने मात्र वही उघडली. त्यात लिहिलं होतं, 'गिऱ्हाइकाचं दुखणं ओळखा.' खाली लिहिलं होतं, 'शेजारच्या धंद्याशी हात मिळवा.' तिने वही मिटली आणि सगळ्या सुजलेल्या गालांना घेऊन ती तडक तिसऱ्या गल्लीत गेली.

तिथे एका डॉक्टरबाईंनी दातांचा नवा दवाखाना काढला होता. एवढीशी खोली. रोग्यांना बसायला जागा नाही, त्यामुळे ते जिन्यावर उभे राहायचे, आतला मशीनचा आवाज ऐकायचे आणि पळून जायचे. ठरलं असं, की रोग्यांनी नंबर लावून आमच्या दुकानात थांबायचं. खुर्च्या कुठून आणणार? ताईने गाद्या अंथरल्या. मग काय विचारता! वेदनेने चार-चार रात्री न झोपलेली माणसं, त्यांना ताज्या पिंजलेल्या कापसावर आडवं केलं. घोरायलाच लागली. डॉक्टरबाईंचा फोन यायचा, "सातवा नंबर पाठवा," आणि सातवा नंबर उठायलाच तयार नसायचा. "आठव्याला पाठवा हो, मला जरा पडू दे."

आणखी एक गंमत. तिकडून परत येताना माणसाचा गाल बधिर झालेला असायचा. बधिर गालाच्या माणसाला भाव करता येत नाही! तो नुसता गादीकडे बोट दाखवायचा आणि मान हलवायचा. गादीताई सरळ बाई म्हणून बरं. तिने सगळ्यांना पाटीवर लिहिलेला भावच लावला. त्या शिबिरातल्या सरांना ही युक्ती कळली असती तर त्यांनी तिच्यावर दोन तास भाषण दिलं असतं.

रांग वाढत गेली. दाढ दुखणारे यायचे, झोप न येणारे यायचे, आणि काही नुसते दाढेशी बोलायला यायचे. एक हवालदार रोज सकाळी माझ्या कानाशी लागून, म्हणजे जिथे कान असता तिथे लागून, आपल्या साहेबाच्या तक्रारी सांगायचा. हूंकाका सगळ्यांचं ऐकायचा, सगळ्यांशी बोलायचा.

फक्त तो बाहेर यायचा नाही.

आधी दुकान बंद होईपर्यंत आत राहायचा. मग घरीही माझ्यातच जायला लागला. भर रस्त्यातून एक दाढ भाजीची पिशवी घेऊन चाललीय, लोक बघतायत, आणि तो मजेत प्रत्येकाला "काय, झोप झाली का?" विचारतोय. जेवायलाही चेन अर्धीच उघडायची. एकदा ताईने चहा पुढे केला तर आतून आवाज आला, "साखर नको घालत जाऊस. मला गोड चहा आवडत नाही."

ताई बघतच राहिली. "सव्वीस वर्षं पिताय!"

"हो ना," दाढ म्हणाली. म्हणजे तो म्हणाला.

त्या दुपारी तो आंघोळीला गेला होता आणि मी खुंटीवर टांगलेली होते. गादीताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. "काय गं ए," ती म्हणाली, "तुझ्यात असं काय आहे? मी एवढी वर्षं यांच्याशी बोलतेय. आजारपणात बोलले, भांडणात बोलले, माझी आई गेली तेव्हा रडत रडत बोलले. हूं. आणि तू दोन उशांना आणलेली, तुझ्या पोटात शिरून हे हवालदाराशी गप्पा मारतात! माझ्याकडे बघून एक वाक्य कधी बोलले नाहीत." मग ती तिथेच गाद्यांवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

मला फार लाज वाटली. पण खरं सांगू? मनातून मी सुखावले होते. तीन वर्षं जिन्यावर उभी होते मी, कोणी विचारलं नाही. आता माझ्या पोटात एक माणूस होता. त्याचं हृदय माझ्या स्पंजला लागून धडधडायचं. कोणाला सोडवेल हो असा माणूस?

आला शेवटचा शनिवार. दादा ठरल्या वेळी हजर झाला. दारात तेवीस माणसं उभी होती. दादाने दोनदा मोजली. मग रांगेत शिरून एकेकाला विचारू लागला.

"तुम्ही कशासाठी?"

"दाढ."

"तुम्ही?"

"दाढच."

"आणि तुम्ही?"

"झोप येत नाही. दाढेला विचारायचंय."

"तुम्ही हो?"

"रांग दिसली म्हणून उभा राहिलो."

दादा ताईकडे वळला. "ही गादीची रांग नव्हे."

"तू रांग म्हणालास, रांग आहे," ताई म्हणाली. "कशाची ते बोलला नव्हतास."

दादाला ते पटलं असावं, पण हरायचीही सवय नव्हती. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि माझ्या रंगवलेल्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मेहुणे, बाहेर या. दुकान माणूस चालवतोय की दाढ, एवढंच मला बघायचंय. माझ्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोला. एकच. हूं मात्र धरणार नाही. बोललात तर जागा तुमची."

माझ्या पोटात हूंकाका थिजला. त्याला घाम फुटला, माझं अस्तर भिजलं. ताई मागे आली आणि तिने चेन ओढली. चेन हलेना.

आता कबूल करते. चेन मी अडवली. अस्तराचा एक काठ चेनीच्या दातऱ्यांत सरकवला आणि घट्ट धरून ठेवला. मला वाटलं, बाहेर काढून याची फजितीच करणार ना सगळे? राहू दे याला माझ्यात. मी सांभाळीन.

ताईने ओढलं, दादाने ओढलं. रांगेतले लोक पुढे सरसावले. कोणी मुळं धरली, कोणी झालर. हवालदाराने शिट्टी वाजवून सगळ्यांना शिस्तीत ओढायला लावलं. काही उपयोग नाही. मग कोणीतरी धावत जाऊन डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. त्या हातमोजे घालूनच आल्या. माझ्याभोवती एक फेरी मारली, डाव्या अंगाचा खळगा बोटाने दाबला, "कीड आहे," म्हणाल्या. मग माझ्या कमरेवर एक पाय रोवला, चेनीत चिमटा घातला आणि सवयीने हूंकाकाला म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. अजिबात दुखणार नाही."

इतकी वर्षं दवाखान्याच्या दारात उभी होते, पण दाढेतून माणूस काढताना मी पहिल्यांदाच बघत होते. आणि दाढ मीच होते!

तरी मी सोडलं नाही. एवढ्यात ताईने माझ्या हाताच्या भोकाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, या ना बाहेर. जागा गेली तर गेली, फरशा मोजू दोघं मिळून. पण एकदा बोलताना तुमचं तोंड बघू दे मला."

आत हूंकाकाचं हृदय एकदम जोरात वाजलं. आणि त्याने स्वतः, आतून, मला ढकललं. हलकेच, पण ढकललं.

मग मी काठ सोडला. टर्रकन आवाज झाला, माझी पाठ वीतभर फाटली आणि हूंकाका डॉक्टरबाईंच्या अंगावर पडला.

तो उठून उभा राहिला. ओलाचिंब, केस कपाळाला चिकटलेले, उजेडाने डोळे मिचकावतोय. रांगेतले लोक बघत होते. "एवढासाच आहे होय," कोणीतरी पुटपुटलं. हवालदाराने मान खाली घातली. साहेबाच्या सगळ्या तक्रारी या माणसाला ठाऊक होत्या. दादा समोर उभा होता.

"हूं," हूंकाका म्हणाला.

दादाने किल्लीसाठी हात पुढे केला. ताईने डोळे मिटले.

"दादा," हूंकाका म्हणाला. मग थांबला. मग पुन्हा म्हणाला, "दादा, तुम्ही बाबांच्या गादीवर झोपता."

दादाचा हात तसाच राहिला.

"तिच्यात मधे खड्डा पडलाय. बाबा पाठीवर झोपायचे, त्यांचा खड्डा आहे तो. तुम्ही त्यात झोपत नाही. कडेला झोपता, एका कुशीवर, अंग चोरून. म्हणून तुमचा डावा खांदा वर राहतो." तो धापा टाकत होता, पण नजर काढली नाही. "ती आणा माझ्याकडे. पिंजून देतो. कापूस तोच राहील, चिमूटभरही बदलणार नाही. नुसता मोकळा करतो. मग नीट झोपा."

दादाने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"हूं," दादा म्हणाला, आणि किल्ली न घेता निघून गेला.

हूंकाका मटकन खाली बसला. ताई त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी शेजारी आडवी पडले होते, पाठ फाटलेली, आत कोणी नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण तो ताईला सांगत होता, तिची आई गेली त्या दिवशी त्याला काय बोलायचं होतं ते. सगळं सांगितलं त्याने, अडखळत. त्यातलं एक अक्षरही तो माझ्या पोटात कधी बोलला नव्हता.

सोमवारी सकाळी रांगेच्या शेवटी दादा उभा राहिला. डोक्यावर जुनी, पट्ट्यापट्ट्यांची गादी. पुढे ती फडकं बांधलेली आजी होती, दुसऱ्या दाढेसाठी आलेली. तिने मागे वळून विचारलं, "तुमची कुठली दुखतेय?"

"वडिलांची," दादा म्हणाला.

आजीने त्याच्याकडे बघितलं, डोक्यावरच्या गादीकडे बघितलं आणि बाजूला झाली. "मग तू पुढे जा," ती म्हणाली.

माझं म्हणाल तर आता माझ्यात कोणाला शिरता येत नाही. पाठ शिवण्याआधी हूंकाकाने मला कापसाने गच्च भरून टाकलं. डॉक्टरबाईंनी मुद्दाम येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "दाढ इतकी छान भरलेली मी आजवर पाहिली नाही." व्यवसायातल्या माणसाने कौतुक केलं की बरं वाटतं. पोटावर लिहिलंय ते आता खरं झालं, उशीच झाले मी. दुपारी ताई मला टेकून बसते.

दारात आता तो स्वतः उभा राहतो. तुम्ही आलात तेव्हा कापूस आणायला मागे गेला होता, येईलच इतक्यात. फक्त एक ऐका माझं. तो आला की आधी तुमच्याकडे बघेल आणि काहीच बोलणार नाही. उठून जाऊ नका. त्याचं वाक्य पूर्ण करायलाही जाऊ नका. त्याला वेळ लागतो हो, तेवढा द्या.